बसरेवाले दादांचे नाव

शब-ए-बरातच्या रात्री आमच्या घरी फातेहा होते, तेव्हा अब्बा एक जुनी वही काढतात. तिच्यात खानदानातल्या मरहूमांची नावे उर्दूत लिहिलेली आहेत. दादा, दादी, पणजोबा, पणजी, लहानपणी गेलेली भावंडे. अब्बा एकेक नाव घेतात आणि आम्ही दुआ करतो. यादीच्या शेवटी मात्र नाव येत नाही, फक्त एवढेच येते : "और बसरेवाले दादा."

लहानपणी मला वाटायचे, बसरा हे कराडच्या पलीकडचे एखादे गाव असेल. पुढे कळले की ते इराकमधले शहर आहे. बसरेवाले दादा म्हणजे माझ्या पणजोबांचे थोरले भाऊ. १९१४ नंतरच्या पहिल्या वर्षांत ते पलटणीबरोबर गेले. दादीला त्यांच्याबद्दल विचारले की ती एकच वाक्य म्हणायची, "बसरे कू गए सो आएच नै." नाव तिलाही माहीत नव्हते. थोरल्या दिराचे किंवा सासऱ्याचे नाव सुना घेत नसत, म्हणून बायकांच्या तोंडी ते राहिले नाही. पुरुष माणसे एकेक करून गेली. अशा रीतीने एका माणसाचे नाव त्याच्याच घरातून पुसले गेले.

गावात चावडीच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी आहे. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी या भागातल्या वाचकांनी आपापल्या गावात अशी पाटी पाहिली असेल. या गावातून महायुद्धात इतके पुरुष गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर. दोन आकडे, आणि नाव एकही नाही. त्या दुसऱ्या आकड्यात आमचे दादा धरलेत की नाहीत, हे त्या दगडाला विचारून कळत नाही.

या लेखाचे निमित्त तेवढेच. पण त्या पाटीपासून निघालो की वाट फार लांब जाते.

मराठा पलटणीतले दख्खनी मुसलमान

आपल्याकडे एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. इंग्रजांच्या काळात मराठा पलटणींमध्ये दख्खनी आणि कोकणी मराठ्यांच्या तुकड्यांबरोबर दख्खनी मुसलमानांच्या तुकड्याही असत. १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, लढल्या. ज्या सहाव्या डिव्हिजनमध्ये त्या होत्या तिचे नावच 'पूना डिव्हिजन' होते. तिच्याबरोबर खडकीच्या सॅपर्स आणि मायनर्सच्या कंपन्याही होत्या. साताऱ्याचा मराठा, कोकणातला कुणबी आणि घाटावरचा शेख-पठाण एकाच बोटीतून मुंबईहून निघाले आणि शत-अल-अरबच्या काठावर उतरले.

मुसलमान शिपायाच्या मनावर आणखी एक ओझे होते. समोर तुर्कस्तान होते, आणि तुर्कस्तानचा सुलतान म्हणजे खलीफा. नोव्हेंबर १९१४ मध्ये इस्तंबूलहून जिहादची घोषणा झालेली. जुम्याच्या खुतब्यात ज्याचे नाव ऐकले त्याच्याच फौजेवर गोळी झाडायची, असा तो पेच होता. काहींनी नकार दिला आणि शिक्षा भोगली. बहुतेकांनी खाल्ल्या मिठाला जागायचे म्हणून बंदूक उचलली. शंभर वर्षांनंतर पंख्याखाली बसून त्यांचा न्याय करण्याची माझी हिंमत होत नाही.

जनरल टाउनशेंडच्या हाताखाली ही फौज तैग्रिस नदीच्या काठाने बगदादच्या दिशेने सरकत गेली. नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफॉन येथे ती अडली. हे आपल्या इस्लामी इतिहासातले मदाइन, जिथे हजरत सलमान फारसी यांची मजार आहे. तिथून मागे हटत फौज कूत-अल-अमारा या गावात शिरली. नदीच्या वळणावर वसलेले हे गाव तीन बाजूंनी पाण्याने वेढलेले. ७ डिसेंबर १९१५ रोजी तुर्कांनी वेढा घातला आणि तो जवळजवळ पाच महिने टिकला.

वेढ्यात आधी रसद संपली, मग घोडे कापायला सुरुवात झाली. घोड्याचे मांस खायला अनेक हिंदी शिपाई तयार नव्हते, हिंदूही आणि मुसलमानही. हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून परवानग्या मागवल्या गेल्या. तरी कित्येकांनी मूठभर पिठावर दिवस काढले. हिरड्या सुजल्या, दात हलू लागले, माणसे चालता चालता पडू लागली. सुटकेसाठी पाठवलेल्या फौजांचे सुमारे २३ हजार लोक मेले किंवा जखमी झाले, पण कूतपर्यंत कोणी पोचले नाही. २९ एप्रिल १९१६ रोजी टाउनशेंडने शरणागती पत्करली. सुमारे १३ हजार माणसे कैद झाली. त्यांत ब्रिटिश तीन हजारांच्या आत होते, बाकी सगळे हिंदी. शिपाई तर होतेच, पण भिश्ती, खानसामे, मोतद्दार, डोलीवाले, भंगीसुद्धा होते.

कैदेची वाट

कैद झाल्यावर काय झाले ते थोडक्यात सांगतो, कारण सविस्तर सांगणे जड जाते. अधिकारी बोटीने बगदादला गेले. टाउनशेंडची रवानगी इस्तंबूलजवळच्या एका बेटावर झाली आणि युद्ध संपेपर्यंत तो तिथे आरामात राहिला. शिपायांना मात्र मे महिन्याच्या उन्हात पायी हाकलले. कूतहून बगदाद, बगदादहून मोसूल, तिथून वाळवंट ओलांडून रास-अल-ऐन. पाच महिन्यांच्या उपाशी माणसांना शेकडो मैल चालवले. जो मागे पडला तो तिथेच राहिला. जे पोचले त्यांना बगदाद रेल्वेच्या कामावर जुंपले.

आपल्यापैकी काहींना हे वाचताना अवघडल्यासारखे होईल, कारण कैद करणारे आपले दीनी भाऊ होते. मुसलमान कैद्यांना वेगळे काढून काही ठिकाणी थोडी बरी वागणूक दिली गेली, हेही खरे. पण खलीफाच्या सल्तनतीत हजारो कैदी भूक, जुलाब आणि टायफसने मेले, ही वस्तुस्थिती त्याने बदलत नाही. कुराणातल्या सूरह अद-दहरमध्ये मिसकीन आणि यतीम यांच्या जोडीने कैद्यालाही जेवू घालणाऱ्यांची तारीफ आहे. बद्रच्या लढाईनंतर सुमारे सत्तर कैदी मदिन्यात आणले गेले. ज्यांच्याकडे फिदिया द्यायला पैसा नव्हता पण लिहिता-वाचता येत होते, त्यांनी प्रत्येकी दहा मुलांना शिकवावे आणि सुटून जावे, असे ठरल्याचे सीरतच्या किताबांत येते. शिक्षक असल्यामुळे हा प्रसंग मला फार जवळचा वाटतो. ज्या उम्मतीजवळ हा नमुना होता, तिच्या नावाने चालणाऱ्या राजवटीने रास-अल-ऐनच्या वाटेवर काय केले, हेही आपणच सांगितले पाहिजे.

हे सगळे आपल्याला कळते ते एका बंगाली तरुणामुळे. शिशिर सर्बाधिकारी हे बंगाल अॅम्ब्युलन्स कोअरमध्ये होते आणि कूतला कैद झाले. त्यांनी डायरी ठेवली होती. कैदेत ती पकडली जाईल म्हणून पाने फाडून बुटात लपवली आणि पुढे पुन्हा लिहून काढली. जवळजवळ चाळीस वर्षांनी 'अभी ले बगदाद' या नावाने त्यांचे पुस्तक बंगालीत निघाले. त्याच वाळवंटात आर्मेनियन बायका-मुलांना मरायला हाकलले जात होते, हेही त्यांनी पाहिले आणि लिहून ठेवले. आपल्या मराठा पलटणीतल्या शिपायांकडे लेखणी नव्हती. त्यांच्यातले बहुतेक अंगठेबहाद्दर. म्हणून त्यांची कहाणी दुसऱ्याच्या कहाणीतून शोधावी लागते.

आवाज जपला, नाव गाळले

त्याच युद्धात दुसऱ्या टोकाला, बर्लिनच्या दक्षिणेला वुन्सडॉर्फ नावाच्या गावात जर्मनांनी एक छावणी उभारली होती. तिचे नाव हाल्बमोंडलागर, म्हणजे अर्धचंद्र छावणी. फ्रान्सच्या आघाडीवर पकडलेले हिंदी, अल्जीरियन, मोरोक्कन असे कैदी तिथे ठेवत. १९१५ मध्ये तिथे लाकडी मशीद बांधली गेली. जर्मनीतली ती पहिली मशीद. 'हिंदोस्तान' नावाचे वर्तमानपत्र उर्दू-हिंदीत छापून कैद्यांना वाटले जाई. यामागे प्रेम नव्हते. या शिपायांना इंग्रजांच्या विरुद्ध फिरवायचे होते.

याच छावणीत जर्मन विद्वान ग्रामोफोन घेऊन आले आणि कैद्यांच्या बोलीभाषांचे आवाज भरून घेऊ लागले. त्यांना भाषेचे नमुने हवे होते, माणसाची हकिकत नको होती. तरी माणूस बोलतोच. मल्ल सिंग नावाच्या शीख शिपायाने ११ डिसेंबर १९१६ रोजी त्या भोंग्यापुढे पंजाबीत आपली कहाणी सांगितली, पण 'मी' म्हणून नव्हे, 'एक माणूस होता' अशी. घरी लोणी खाणारा तो माणूस आता परक्या मुलखात अडकला आहे आणि घरी जायचे म्हणतो आहे, असा तिचा आशय. ती तबकडी आजही बर्लिनच्या हम्बोल्ट विद्यापीठाच्या ध्वनिसंग्रहात आहे. छावणीत मेलेल्या २०६ हिंदी शिपायांचे कब्रस्तान जवळच झेरेन्सडॉर्फला आहे.

शत्रूने आपल्या स्वार्थासाठी का होईना, आवाज जपला. ज्यांच्यासाठी शिपाई लढले त्यांनी काय केले?

मेसोपोटेमियात मेलेल्या आणि कबर न सापडलेल्या ४० हजारांहून अधिक लोकांसाठी बसऱ्याजवळ एक स्मारक उभारले गेले. १९२९ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. ब्रिटिश शिपायांची नावे भिंतीवर कोरली, साध्यातल्या साध्या सैनिकाचेही. हिंदी पलटणींपैकी अधिकाऱ्यांची नावे कोरली. हिंदी शिपायांपुढे मात्र पलटणीचे नाव आणि आकडा. अमुक पलटण, इतके शिपाई. तीस हजारांहून अधिक माणसे अशी आकड्यात बसवली.

कोणी म्हणेल, नावे लिहायला अवघड होती, नोंदी नीट नव्हत्या. पण फ्रान्समध्ये नव्ह शापेल इथल्या हिंदी स्मारकावर ४,७०० हून अधिक नावे कोरली आहेत. तेच सैन्य, त्याच पलटणी, तेच कारकून. गोऱ्या लोकांची नजर पडेल अशा ठिकाणी नाव आणि इराकमध्ये आकडा. म्हणजे प्रश्न नोंदीचा नव्हता. या माणसाचे घरचे इथे कधी येणार आहेत का, असा हिशोब कोणीतरी मनात केला होता. दिल्लीच्या इंडिया गेटचीही गोष्ट फार वेगळी नाही. ते ७० हजारांहून अधिक शिपायांचे स्मारक, कोरलेली नावे १३ हजारांच्या आसपास.

युद्धस्मारके सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ आयोगाने एप्रिल २०२१ मध्ये स्वतःच एक अहवाल काढून हे कबूल केले. आफ्रिका आणि आशियातल्या किमान १ लाख १६ हजार आणि कदाचित साडेतीन लाखांपर्यंत सैनिक-मजुरांचे स्मरण नावानिशी झालेच नाही, किंवा मुळीच झाले नाही, असे त्यात म्हटले आहे. ब्रिटनच्या संरक्षणमंत्र्यांनी संसदेत माफी मागितली. शंभर वर्षे उशिरा मागितली, पण मागितली.

बेपत्ता माणसाची बायको

गेल्या वर्षी नववीच्या वर्गात मी हे सांगत होतो. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "सर, जो हरवला त्याचा जनाजा पढतात का?"

मी घंटा होईपर्यंत तिला उत्तर देत राहिलो, तरी ते पुरे झाले नाही.

मराठीत आपण 'बेपत्ता' म्हणतो, उर्दूत 'लापता'. एकाला फारसी उपसर्ग, दुसऱ्याला अरबी, आणि पुढचा शब्द इथल्याच मातीतला. फिक्हच्या किताबांत अशा माणसाला 'मफकूद' म्हणतात आणि त्याच्यावर स्वतंत्र प्रकरण असते. तो जिवंत की मेलेला हे ठरत नाही तोवर त्याची मिळकत वारसांत वाटता येत नाही. गैरहजर मय्यतीचा जनाजा शाफई लोक पढतात. आपल्या कोकणी भावांत ती रीत आहे. हनफी पढत नाहीत. आणि कोणत्याही मसलकात मृत्यूची खबर आल्याशिवाय जनाजा नाहीच.

बायकोचे काय? जुन्या हनफी मतानुसार तिने नवऱ्याच्या वयाची माणसे संपेपर्यंत थांबायचे. त्याचे वय नव्वद वर्षे होईल तेव्हा तो गेला असे समजायचे, असेही सांगितलेले आहे. मालिकी मसलकात मात्र काजीकडे गेल्यावर चार वर्षांची मुदत, त्यानंतर बेवेची इद्दत, आणि मग ती मोकळी. १९३० च्या दशकात मौलाना अशरफ अली थानवी यांच्यासारख्या कट्टर हनफी आलिमाने या बाबतीत मालिकी मत घ्यावे असा किताब लिहिला. त्या हालचालींतून १९३९ चा मुस्लिम विवाहविच्छेद कायदा आला. नवरा चार वर्षे बेपत्ता असेल तर बायको कोर्टातून निकाह तोडू शकते, हे त्याचे पहिलेच कलम. आपल्या आलिमांनी बाईचे हाल पाहून वाट काढली, याचा मला अभिमान आहे. पण कूतच्या वेढ्यापासून हा कायदा येईपर्यंत २३ वर्षे गेली होती.

दादी सांगायची की बसरेवाल्या दादांची बेगम, जिला सगळे बडी माँ म्हणत, शेवटपर्यंत गळ्यात काळी पोत घालून होती. ती इद्दतीला बसली नाही, कारण खबर आली नाही. दुसरा निकाह केला नाही. मूलबाळ नव्हते. ईदला नवी बांगडी भरायची आणि दारात बसायची. तिला सधवा म्हणायचे की बेवा, हे गावाला कधी ठरवता आले नाही. तिच्या नवऱ्याचे नाव कुठल्यातरी कागदावर लिहून तिच्या हातात दिले असते, तर तिने निदान रडून घेतले असते.

ही फक्त जुन्या काळची गोष्ट नाही. १९७१ च्या युद्धानंतर भारताने पाकिस्तानचे सुमारे ९३ हजार युद्धकैदी परत पाठवले. पण आपले काही सैनिक आणि वैमानिक परत आलेच नाहीत. 'मिसिंग ५४' या नावाने ती यादी ओळखली जाते. त्यात फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे यांचे नाव आहे. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे या बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या. लग्न होऊन फार दिवस झाले नव्हते. त्यांनी पुढची सगळी वर्षे दारोदार फिरून एकच प्रश्न विचारला. २००७ मध्ये काही नातेवाईक पाकिस्तानच्या तुरुंगांत जाऊन आले. रिकाम्या हाताने परतले. सीमेच्या पलीकडेही अशा माता-भगिनी आहेत. धर्म, देश, साल बदलते, दारात बसणारी बाई बदलत नाही.

आपल्या माणसाचे काय झाले हे जाणून घेण्याचा घरच्यांना हक्क आहे, हे तत्त्व जिनिव्हा करारांच्या १९७७ च्या पूरक करारात लिहिलेले आहे. बडी माँला हा कायदा माहीत असण्याचे कारण नव्हते. पण हक्क तिचाही होता.

आता काय करायचे

वाचकहो, हे सारे लिहिण्यामागे एक विनंती आहे. कॉमनवेल्थ आयोगाच्या संकेतस्थळावर बसरा स्मारकातल्या अनेक हिंदी शिपायांची नावे आज शोधता येतात. भिंतीवर नाहीत, पण यादीत आहेत. रेडक्रॉसने पहिल्या महायुद्धातल्या कैद्यांची लाखो कार्डे २०१४ पासून सर्वांसाठी खुली केली आहेत. तुमच्या घरात कोणी 'बसरेवाले', 'फ्रान्सवाले', 'बर्मावाले' असतील तर त्यांचे नाव, गाव, पलटण आजच वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवा. स्पेलिंगचा घोळ फार आहे. एकच शेख चार प्रकारे लिहिलेला असतो. धीर सोडू नका. शेजारच्या मराठा घरातही विचारा. त्यांचा आणि आपला माणूस एकाच तंबूत झोपला असेल, आणि त्यांच्याकडे एखादे पत्र किंवा बिल्ला निघेल.

मी ती यादी तीन वर्षांपासून चाळतो आहे. आमच्या गावचे नाव असलेला, आमच्या आडनावाचा माणूस अजून सापडलेला नाही. दोन जण जवळपास वाटतात, पण 'वाटतात' एवढ्यावर मी वहीत नाव लिहिणार नाही. चुकीचे नाव लिहिणे म्हणजे त्यांना पुन्हा एकदा हरवणे होईल.

त्या मुलीने मात्र एक काम केले. तिच्या गावच्या पाटीवरचा आकडा तिने वहीत उतरवला आणि म्हाताऱ्या माणसांना विचारत सुटली. आतापर्यंत तिला तीन नावे मिळाली आहेत. दोन मराठा, एक मुलाणी. आकडा मोठा आहे, काम राहिलेले आहे.

येत्या शब-ए-बरातला अब्बा वही उघडतील. शेवटी पुन्हा "बसरेवाले दादा" म्हणतील. मी या वेळी त्यांना सांगणार आहे, त्यांच्या पाठोपाठ बडी माँचेही घ्या. वही चाळताना लक्षात आले, तिचेही खरे नाव आपण कुठे लिहिलेले नाही.